डिग्री एक, धंदा दुसरा: मधल्या काळाचा खर्च कोण उचलतो?

पानशेतकर (धागाकर्ता)

शिकले एक आणि नाव काढलं भलत्यातच, अशा माणसांची यादी आपल्या ग्रुपांवर वर्षातून एकदा तरी फिरतेच. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, काशीनाथ घाणेकर दातांचे. हर्षा भोगले केमिकल इंजिनीअर. पर्रीकर आयआयटीत मेटलर्जी शिकून गोव्याचे मुख्यमंत्री. खाली गुलाबाचं फूल आणि 'मनाचं ऐका'.

मला त्या यादीत एक गोष्ट खटकते. लागू १९६९ मध्ये पूर्णवेळ नाटकात आले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. पुण्यात आणि आफ्रिकेत प्रॅक्टिस करून झाली होती. नाटक चाललं नसतं तर पुन्हा दवाखान्याची पाटी लावता आली असती. आगाशेंनी मानसोपचार सोडलाच नाही. पटेलांचा दौंडला दवाखाना होता. या मंडळींच्या पाठीशी पदवी उभी होती. ज्याच्या हातात अठ्ठावन्न टक्क्यांची बीई मेकॅनिकल आहे त्याच्या पाठीशी काय उभं असतं? बहुतेकदा शैक्षणिक कर्जाचा हप्ता.

आणि ती पदवी तरी आपण कुठे निवडलेली असते! १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजं भराभर निघाली. बारावीला पीसीएम, सीईटीचा स्कोअर, आणि राउंडला हाती लागेल ती ब्रँच. आमच्या वर्गात यंत्रांची आवड म्हणून आलेले एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. जे निवडलंच नव्हतं ते सोडण्यात धाडस कसलं?

माझं सांगतो. खासगी कॉलेजातून मेकॅनिकल. आज पोट चालतं ते जपानी दुभाषाच्या कामावर. चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यातले कारखाने, आणि मधल्या वेळात मॅन्युअल्सचं भाषांतर. या दोन्हींच्या मध्ये बरीच वर्षं आहेत. भोसरीत एका छोट्या वेंडरकडे क्वालिटीला होतो आणि संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटला जपानीच्या वर्गाला जायचो. नंतर नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास केला, तेव्हा घरभाडं ताईने भरलं. ती बँकेत होती. नातेवाइकांत माझी गोष्ट सांगतात तेव्हा 'जिद्द' हा शब्द येतो, ताई येत नाही.

बाहेरच्यांना माहीत नसलेली एक गंमत: जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची एन५ (सर्वांत सोपी) पासून एन१ (सर्वांत अवघड) पर्यंतची परीक्षा, त्यात बोलायचं नसतं आणि लिहायचंही नसतं. वाचायचं, ऐकायचं आणि पर्याय निवडायचे. त्यामुळे एन२ पास होऊनही शॉपफ्लोअरवर तोंड न उघडणारे भरपूर भेटतात. माझ्यासोबत एक मुलगी होती, भाषेची एमए, तिचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी गोड. पण जपानी साहेब ड्रॉइंगवर बोट ठेवून रनआउट, बर, चॅम्फर असे यंत्रकामातले शब्द बोलायला लागला की ती अडखळायची. माझं व्याकरण चुकायचं, पण पार्ट रिजेक्ट का झाला हे दोन्हीकडच्यांना कळायचं. सोडलेलं मेकॅनिकल असं मागच्या दाराने घरात आलं.

तर ज्यांनी क्षेत्र बदललं त्यांनी 'कसं जमवलं' यापेक्षा मधल्या काळात घर कोण चालवत होतं ते लिहा. आणि पदवीशिवाय उघडतच नाहीत अशी दारं कोणती, तेही.

---

चाफेकळी

सिव्हिल. मग आयटी. पण आमच्याकडे याला क्षेत्र बदलणं म्हणतच नाहीत, आमच्या बॅचचा अर्धा वर्ग हिंजवडीत आहे. दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे साठ टक्के आणि बॅकलॉग शिल्लक नाही, एवढंच बघायचे. ब्रँच विचारायचे नाहीत. कंपनीने काही महिने ट्रेनिंग दिलं, तेही पगार देऊन. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मधला काळ कंपनीने उचलला. आमच्या आधीच्या पिढीला वायटूकेने, म्हणजे २००० साल उजाडण्याआधी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायच्या कामाने उचललं.

माझ्या भावाला मात्र ते मिळालं नाही. मंदीत पास झाला. त्याने सीडॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा डॅक हा संगणकाचा कोर्स केला, फी बाबांच्या पीएफमधून. सकाळी लेक्चर, दुपारपासून रात्रीपर्यंत लॅब, त्यात नोकरी करणं शक्यच नसतं. कोर्स चांगला आहे, पण 'फक्त सहा महिने' म्हणणाऱ्यांनी पुण्यात खोलीचं भाडं आणि डबा धरून हिशोब करावा.

---

अण्णा_बेळगाव

मी बाप या नात्याने लिहितो. लेक मायक्रोबायॉलॉजी शिकली, आता म्हणते बेकरी काढायची. मी नाही म्हटलेलं नाही. पण ओव्हन, मिक्सर, डीप फ्रीज, गाळ्याचं डिपॉझिट, सगळं माझ्या ग्रॅच्युइटीवर डोळा ठेवून चाललंय. पानशेतकर बरोबर बोलतात. खर्च बाप उचलतो आणि वर ऐकून घेतो की तुम्हीच आम्हाला सायन्सला घातलंत.

---

खवट_खोबरं

अण्णा, यीस्ट हा सूक्ष्मजीवच. लेक अजून लाइनीतच आहे. :)

---

निळीशाई

पानशेतकर, मुद्दा पटला पण लागूंवर जरा अन्याय होतोय. पाठीशी पदवी होती हे खरं, पण सर्जनची कमाई सोडून त्या काळच्या रंगभूमीच्या नाइटवर (दर प्रयोगाच्या मानधनावर) जगायचं ठरवणं ही काही सुरक्षित उडी नव्हती. परत फिरायची सोय असलेले हजारो डॉक्टर होते, फिरले किती? सोय असली म्हणून धाडस शून्य होत नाही.

दुसरं म्हणजे 'सोडणं' हा एकच मार्ग नसतो. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत गात होते. श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात. शेतीची पदवी नाही आणि द्राक्षबागायतदारांबरोबर 'प्रयोग परिवार' उभा केला. पगार गणिताचा, डोकं द्राक्षात. या मार्गाने वेळ जास्त लागतो, पण बहिणीला भाडं भरावं लागत नाही. (टोमणा नाही हो, खरंच.)

---

पानशेतकर

@निळीशाई, टोमणा लागला आणि मान्यही आहे. फक्त एक, दाभोळकरांना पाच वाजता घरी जाता येत असावं. भोसरीतल्या वेंडरकडे दुसरी शिफ्ट लागली की माझा वर्ग बुडायचा, आणि महिनाअखेरीला डिस्पॅच असला की पहिली आणि दुसरी दोन्ही करायला लागायच्या. नोकरी टिकवून शिका हा सल्ला देताना नोकरी कुठली ते आधी विचारावं.

---

डिचोलीचा_दगड

गोव्यातून. एमएस्सी जिऑलॉजी, खाणीवर नोकरी. आमच्याकडे मनाचं ऐकायला कुणी सांगितलं नाही, कोर्टाचं ऐकलं. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, लगेच सुप्रीम कोर्टाचीही बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, थोडं सुरू झालं, पुन्हा आशा लागली. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द. पहिल्या बंदीत माझ्यासारखे बरेच जण 'सुरू होईल' म्हणत बसून राहिले. बार्जवाले, ट्रकवाले, गॅरेजवाले, सगळेच.

पर्यावरणाचं नुकसान झालं होतं हे मी जिऑलॉजिस्ट म्हणून नाकारणार नाही, तो वाद इथे नको. मुद्दा हा की पदवी अशी होती, जिचा धंदा एका भूभागात एकाच उद्योगात होता. तो बंद पडला की तुम्ही आणि तुमचा ट्रकवाला एकाच रांगेत. मी आज फोंड्यात प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान चालवतो, सासऱ्यांचं होतं. मधला काळ बायकोच्या सरकारी शाळेतल्या पगारावर निघाला. दुकानात जिऑलॉजीचा उपयोग? ग्रॅनाइटचा नमुना म्हणून गॅब्रो दाखवणाऱ्याला पकडतो, तेवढाच.

अवांतर: गोव्याचंच उदाहरण हवं तर कोसंबींचं घ्या. दामोदर कोसंबी गणिती, आणि काम केलं प्राचीन नाण्यांवर, संस्कृत सुभाषितांवर, भारताच्या इतिहासावर. आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी तराजूत घालून, झिजेमुळे वजन किती घटलं त्याचं संख्याशास्त्र मांडून त्यांचा काळक्रम लावला. इतिहासाची पदवी असती तर नाणी तोलायचं डोक्यात आलं असतं का, शंका आहे.

---

तिखटमीठ

इतका वेळ वाचत होते. सगळ्यांच्या उत्तरात ताई, बायको, बाबांचा पीएफ. आता उलट बाजू.

मी होम सायन्सची एमएस्सी. लग्न, मुलगी, मग घरात. मुलगी शाळेत जायला लागल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. कर्वे रोडवर क्लास, वर्गातली बाकीची मुलं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. फी नवऱ्याने भरली, त्याचं सर्वांनी कौतुक केलं. चार तास मुलगी सांभाळली सासूबाईंनी, गुडघे दुखत असताना, त्यांचं कुणी केलं नाही. त्याआधीची जी वर्षं मी घर चालवलं तेव्हा नवऱ्याने एमबीए केलं होतं, तो खर्च कुणाच्या खात्यावर लिहायचा? धाग्याच्या शीर्षकात 'खर्च' म्हटलंय आणि सगळे फक्त पैसे मोजताहेत.

नोकरीचं म्हणाल तर इंटरव्ह्यूला पदवीवरून अडलं नाही, 'गॅप'वरून अडलं. एका ठिकाणी एचआरच्या मुलीने विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात? मी म्हटलं, टेस्टिंग. रोज एकच प्रॉडक्ट आणि रोज नवा बग. हसली, पण घेतलं नाही.

---

चाफेकळी

+१ आणि उभं राहून टाळ्या.

---

पानशेतकर

@तिखटमीठ, आज ताईला फोन करतो.

---

काळाकोट

जिथे दार कायद्यानेच बंद असतं त्याबद्दल लिहिते, कारण मी त्या दारातून आत आलेय. बीफार्म, मग औषध कंपनीत, आता पेटंटचं काम.

२००५ पासून आपल्याकडे औषधांच्या प्रॉडक्टवर पेटंट मिळायला लागलं. त्याआधी फक्त प्रक्रियेवर मिळायचं. त्यामुळे रसायन आणि कायदा दोन्ही कळणारी माणसं लागायला लागली. पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागत नाही, हे वकिलांनाही सांगावं लागतं! १९७० च्या पेटंट कायद्यानुसार पदवी लागते ती विज्ञानाची, इंजिनीअरिंगची किंवा टेक्नॉलॉजीची. त्यावर पेटंट ऑफिसची परीक्षा. म्हणजे नुसता बीए एलएलबी त्या परीक्षेला बसू शकत नाही आणि बीफार्मवाली बसू शकते. इथे 'असंबंधित' पदवी हेच तिकीट.

मला मात्र कोर्टात उभं राहायचं होतं, त्याला एलएलबी हवंच. कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचं करता येतं, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, महाराष्ट्रात सीईटी आहे आणि तिला वयाची वरची मर्यादा नाही. माझ्या वर्गात निवृत्त फौजदार होते, सर्वांत जास्त हजेरी त्यांची. हजेरीवरून आठवलं, 'नोकरी करता करता वकिली शिका' या जाहिरातींना भुलू नका. ७० टक्के हजेरीचा नियम आहे आणि पोस्टाने केलेलं एलएलबी बार कौन्सिलला चालत नाही. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि ज्युनिअर म्हणून सुरुवातीला मिळतं त्यात लोकलचा पास निघाला तर नशीब. म्हणजे मधला काळ शिकताना संपत नाही, पुढेही चालू राहतो. मी कंपनीत साठवलेल्या पैशांवर काढला. लग्न केलं नव्हतं, भाड्यात दोन मैत्रिणी होत्या.

सीएचंही विचारतील म्हणून: कॉमर्सचे ५५ टक्के किंवा इतर शाखेचे ६० टक्के असले तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला जाता येतं. पुढे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, नव्या योजनेत दोन वर्षांची. स्टायपेंडवर जगता येत नाही.

---

टेक्सासचा_भालू

इकडून थोडी भर. भारतात 'ब्रँच कोण विचारतं' हे खरं, पण व्हिसा अधिकारी विचारतो. अमेरिकेत एमएस झाल्यावर ओपीटीवर (विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर) जी नोकरी कराल ती थेट तुमच्या मुख्य विषयाशी निगडित असावी लागते. एचवनबी या कामाच्या व्हिसाला पदवी आणि काम यांचं नातं कागदावर दाखवावं लागतं. माझ्या ऑफिसात एक बीकॉम झालेला उत्तम डेटाबेसवाला आहे, त्याच्या फाइलीला वकिलाने घाम गाळला. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला इथे सहसा चार वर्षांची धरत नाहीत, मग अनुभवाची तीन वर्षं म्हणजे कॉलेजचं एक वर्ष या हिशोबाने खड्डा भरावा लागतो. म्हणून भारतात क्षेत्र बदललंत तर अनुभवाची पत्रं नीट घेऊन ठेवा. नुसतं 'सीनिअर असोसिएट' नको, काय काम केलं ते लिहिलेलं हवं. कंपनी बंद पडल्यावर पत्र कोण देणार?

जर्मनीने मात्र २०२३ च्या नोव्हेंबरात नियम सैल केला. आयटीतल्या माणसाला मागच्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव असेल तर पदवी नसतानाही ब्लू कार्ड (तिथे राहून काम करायचा परवाना) मिळू शकतं, पगाराची अट आहेच. मावसभाऊ म्युनिकला आहे, त्याच्यामुळे माहीत.

---

उसाचं_बिल

क्षेत्र बदलायची सर्वांत मोठी फॅक्टरी कुणी घेतलीच नाही: एमपीएससी. मी राहुरीचा, बीएस्सी ॲग्री. आमच्या कॉलेजला पहिल्या वर्षापासून वातावरण असं की शेती शिकायला आलेला विद्यार्थी शोधावा लागेल. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, मग ॲग्रीचा, बीएचएमएसचा, बीईचा, सगळे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत शेजारी शेजारी.

घरचा हिशोब सांगतो. कारखान्याचं उसाचं बिल आलं की वडील मेसचे आणि खोलीचे पैसे पाठवायचे. बिल थकलं की मी मेसवाल्या काकूंचं तोंड चुकवायचो. धाकट्या भावाने डिप्लोमाला ॲडमिशन घेतलं नाही, कारण 'दादाचा रिझल्ट लागू दे मग बघू'. तो आज घरची शेती करतो, माझ्यापेक्षा चांगली करतो, आणि शेतीची पदवी माझ्याकडे आहे.

मी शेवटी परीक्षा सोडली. आता तळेगावला एका वेअरहाऊसचा इनवर्ड-आउटवर्ड बघतो. वाईट नाही. पण अभ्यासिकेतली वर्षं बायोडेटात कुठे लिहायची हे अजून कळलेलं नाही. तिखटमीठ ताईंचा तो गॅपचा प्रश्न आम्हालाही तसाच येतो, फक्त आम्हाला विनोद सुचत नाही. त्यात आता २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय घोकून बसलेल्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला शिकायचं. जुने मित्र अजून तिथेच आहेत.

---

खवट_खोबरं

उसाचं_बिल, सिरियसली एक विचारू? भावाला काही मिळालं का परत?

---

उसाचं_बिल

सध्या त्याच्या ठिबकचे हप्ते मी भरतो. त्याने मागितले नव्हते.

---

निळीशाई

धागा बराच पुढे गेला. एक उरलेलं टोचतंय. आपण सगळे असं बोलतोय जणू पदवी म्हणजे एक तर तिकीट, नाही तर ओझं. काळाकोट आणि पानशेतकर दोघांच्याही बाबतीत जुनं शिक्षण नव्या कामात विकलं गेलं, आणि चांगल्या भावाने गेलं. चाफेकळीचं सिव्हिल आयटीत विकलं गेलं नाही, दगडरावांचं जिऑलॉजी प्लायवूडमध्ये नाही. मला वाटतं नवं क्षेत्र शोधताना 'मला काय आवडतं' याआधी 'तिथल्या लोकांना जे येत नाही त्यातलं मला काय येतं' हे बघावं. शॉपफ्लोअर कळणारे दुभाषे थोडे, रसायन कळणारे वकील थोडे. नुसती आवड असलेल्यांची तिथे आधीच गर्दी असते.

---

चाफेकळी

थोडी असहमत. माझं सिव्हिल वापरात नाही तरी मी बरी आहे की. सगळंच विकलं गेलं पाहिजे असं कुठे आहे? कॉलेजातली चार वर्षं घरापासून लांब हॉस्टेलला राहिले, मेसच्या समितीत भांडले, केटी काढल्या. बाबांनी फी त्याचीच भरली असं मी धरते.

---

अण्णा_बेळगाव

चाफेकळी, तुझ्या बाबांना विचारून लिहिलंस का हे?

---

दुपारचा_चहा

नवीन सदस्य आहे. वय चौतीस, अकाउंट्समध्ये आहे, जपानी शिकायचंय. पानशेतकर, उशीर झालाय का? आणि नोकरी न सोडता जमेल का? घरी आई आणि मी, दुसरं कुणी कमावणारं नाही.

---

पानशेतकर

उशीर नाही, पण नोकरी सोडू नका. दुसरं कुणी कमावणारं नसताना तर अजिबातच नाही. जेएलपीटी वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबर. जुलैचे फॉर्म साधारण मार्च-एप्रिलला निघतात. एन५, एन४ नोकरी सांभाळून निघतात. खरी चढण एन३ नंतर, तिथे कांजीच्या (चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांच्या) संख्येने माणूस बसतो. रोज थोडी कांजी हाताने लिहा, परीक्षेत लिहावी लागत नाहीत तरी. न लिहिता शिकलेली डोक्यातून पुसली जातात, हा आमच्याकडे सगळ्यांचा अनुभव.

निळीशाईंचं ऐकून अकाउंट्स सोडू नका. शॉपफ्लोअरला माझ्यासारखे आता बरेच आहेत, पण ऑडिटला जपानी हेड ऑफिसचा माणूस आला की तरतूद, घसारा, अंतर्गत व्यवहार हे त्याच्या भाषेत समजावणारा सापडत नाही. मलाच बोलावतात आणि मी तिथे गटांगळ्या खातो. एन३ झालं की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन-तीन ठिकाणी शब्द टाकतो.

---

दुपारचा_चहा

धन्यवाद! हिरागाना (जपानीची पहिली मुळाक्षरं) कालपासून सुरू केलंय. 'नु' आणि 'मे' मध्ये रोज घोळ होतो.

---

पानशेतकर

तो सगळ्यांचा होतो. 'रे', 'ने' आणि 'वा' अजून यायचेत.